इन्व्हर्टर बॅटरी सर्व्हिस, पोवई नाका सातारा: टर्मिनलवरची पांढरी पावडर नीट काढतात

घरी १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे, आत शिसं आणि ॲसिड असलेली, पाणी घालायची, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवट पावडर धरली होती, बॅकअप पण उतरला होता. आधी जो यायचा तो पॉलिश पेपरने खरखर घासायचा, फुंकर मारायचा की झाली सर्व्हिस, सगळी धूळ फरशीवर आणि घरात रांगतं बाळ. म्हणून ह्यावेळी पोवई नाक्याकडच्या बॅटरीच्या दुकानातून माणूस बोलावला.

आल्या आल्या म्हणाला, ताई बाळाला आतल्या खोलीत न्या. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, ग्लोव्हज, चष्मा, मास्क, खाली पेपर अंथरला, निगेटिव्हची वायर आधी सोडली. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना ते बघितलं कारण सोडा आत सेलमध्ये गेला की ॲसिडची ताकद जाते. मग खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने थापला, फसफस थांबेपर्यंत थांबला, ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं, पेपर सगळं पिशवीत बांधून सोबत घेऊन गेला. कोरडं काहीही घासलं नाही, मला हेच सगळ्यात आवडलं. शेवटी नट आवळून वरून व्हॅसलिन.

मी विचारत होते आणि तो न कंटाळता सांगत होता. शिसं नुसत्या हवेत करडं पडतं आणि तोच थर खालच्या धातूला राखतो, पण चार्जिंगला ॲसिडचा बारीक फवारा टर्मिनलच्या बुडातून बाहेर येतो आणि लेड सल्फेट, म्हणजे शिशाची ती पांढरी पावडर, साठत जातं, हिरवट-निळं असतं ते तांब्याच्या वायरचं. त्यामुळे कनेक्शन ढिलं होऊन गरम होतं. त्यात यूट्यूबवर बघून व्हिनेगर लावू नका बरं का, ॲसिडवर आणखी ॲसिड कशाला, शिवाय व्हिनेगरने शिसं विरघळतं आणि जे तयार होतं ते पोटात गेलं तर जास्त घातक.

शिसं कातडीतून फारसं आत जात नाही, हाताला लागलेलं तोंडात जातं किंवा धूळ श्वासातून जाते. म्हणून नंतर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, सॅनिटायझरने शिसं निघत नाही. त्या कपड्यांवर बाळाला उचलायचं नाही, ते वेगळे धुवायचे. लहान मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं शोषलं जातं, आणि शिशाचं अमुक इतकं चालतं अशी सुरक्षित पातळीच नाही, त्यामुळे ह्यात काटकसर करूच नका.

तक्रार एकच, सकाळची वेळ देऊन संध्याकाळी आला आणि फोन उचलत नव्हते. व्हिजिट चार्ज इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, मला चालला.

शेजारच्या काकांनी जुनी बॅटरी इथेच एक्स्चेंजला दिली. भंगारवाल्याला देऊ नका, उघड्यावर फोडून शिसं वितळवतात आणि तो धूर आणि ॲसिड तिथल्याच वस्तीत राहतं. २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा दुकानात परत देणंच बरोबर. पावती मागून घ्या, जुन्या बॅटरीचे पैसे त्यावर वेगळे लिहून देतात.