चुसान पाम, 22 महिन्यांनंतर: थंडीपेक्षा कोंबातले पाणी सांभाळा

सप्टेंबर 2023 मध्ये इंग्लंडमधील रेडिंगच्या घरामागील बागेत मी चुसान पामचे, म्हणजे ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनायचे, मीटरभर उंचीचे रोप 95 पाउंड मोजून लावले. वाऱ्याने त्याची पाने फाटतात आणि वाढ संथ असते, हे सर्वांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते शेंड्यातील न उघडलेल्या कोंबाविषयी, कारण या काळातील माझी सगळी काळजी आणि रोपवाटिकेशी झालेला वाद त्या एका कोंबापायीच होता.

रोपाच्या चिठ्ठीवर ‘उणे 15 अंशांपर्यंत टिकते’ असे छापले होते आणि आमच्या बागेत त्या हिवाळ्यात पारा उणे 6 च्या खाली गेला नाही. तरीही मार्चमध्ये मी मधला कोंब दोन बोटांनी हलकेच ओढला, तेव्हा तो मुळापासून सुटून हातात आला. त्याचे बूड तपकिरी व बुळबुळीत झाले होते आणि त्याला सडक्या कांद्यासारखा वास येत होता. या झाडाला वाढीचे टोक एकच असते. ते मेले की बाजूने फांदी फुटत नाही.

रोपवाटिकेचे उत्तर असे होते की पाने हिरवी आहेत, म्हणजे झाड जिवंत आहे, आणि सहा महिन्यांची हमी केवळ मेलेल्या झाडाला लागू होते. कोंब मेल्यावरही जुनी पाने कित्येक महिने हिरवी राहतात, हे रोपे विकणाऱ्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही, आणि त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

गुहागरला बाबांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, हा कोंब कुजलाय. पावसाळ्यात माडालाही होतो. कुजका भाग खरवडून काढ, बोर्डो लाव, आणि वरून पाणी जाऊ देऊ नकोस.” इथे घरगुती बागेसाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक, विकत मिळत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातले 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चार दिवसांच्या अंतराने तीनदा पोकळीत ओतले आणि दर वेळी फेस शमल्यावर आत उरलेले पाणी कागदाने टिपून घेतले.

बाबांचे शेवटचे वाक्य मला उशिरा कळले. चीनमध्ये या झाडावर मुख्य पाऊस उन्हाळ्यात, वाढीच्या दिवसांत पडतो. इंग्लंडमध्ये मात्र वाढ थांबलेली असताना थंड पाणी शेंड्यात साचते, गोठते, आणि दुखावलेला भाग पुढे कुजतो. मी डिसेंबरपासून झाडाला गुंडाळलेल्या फ्लीसने, म्हणजे थंडीपासून रोपे झाकायच्या पातळ कापडाने, हा ओलावा आतच कोंडून ठेवला होता.

मे 2024 मध्ये हा अभिप्राय लिहिला असता, तर हे झाड घेऊ नका असेच लिहिले असते. जूनमध्ये मात्र पोकळीत फिकट हिरवे टोक दिसले. त्यावर आणि शेजारच्या देठावर एकाच रेषेत पेनाने खूण केली. आठवड्याने कोंबावरची खूण दीड सेंटीमीटर सरकलेली होती. ते पान उघडले तेव्हा त्याची सगळी टोके कात्रीने कापल्यासारखी सपाट होती, कारण घडीत असतानाच ती कुजून गेली होती. त्यानंतरची तिन्ही पाने पूर्ण आली.

दुसऱ्या हिवाळ्यात फ्लीस वापरलेच नाही. चार काठ्यांवर पारदर्शक प्लास्टिकचे तिरके छप्पर केले आणि बाजू मोकळ्या ठेवल्या; खर्च 6 पाउंड आला. चीनमधले शेतकरी या झाडाच्या खोडावरील काथ्यासारख्या तंतूंची इरली करीत, आणि आता मी याच झाडाच्या डोक्यावर इरले धरले आहे. जानेवारी 2025 मध्ये पारा उणे 7 वर गेला, तरी कोंब ओढून पाहिला तेव्हा हलला नाही.

ज्यांची माती आमच्यासारखी चिकण आहे, त्यांनी रोप उंचवट्यावर आणि मे महिन्यात लावावे, म्हणजे हिवाळ्याआधी मुळांना पूर्ण उन्हाळा मिळेल. सप्टेंबरमध्ये सवलत मिळते म्हणून मी घाई केली होती, आणि त्यात वाचलेले वीस पाउंड पेरॉक्साइड व फ्लीसमध्येच गेले.