मिनीडीव्हीवर चित्रित झालेले चित्रपट ब्लू-रेवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मूळ चित्रच ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असेल, तर त्याची ब्लू-रे घेऊन जास्तीचं काय मिळणार? मिनीडीव्ही टेपवर, म्हणजे डिजिटल व्हिडिओच्या (डीव्ही) छोट्या कॅसेटवर, चित्रित झालेल्या चित्रपटांबद्दल ही शंका हमखास निघते. गेले काही महिने मी हे चित्रपट डीव्हीडीवर आणि ब्लू-रेवर, एकाच मोठ्या ४के टीव्हीवर आलटून पालटून पाहतो आहे. माझं मत झालं आहे: ब्लू-रे जरूर घ्यावी. तपशील मात्र वाढत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

खरा फरक कॉम्प्रेशनचा, म्हणजे चित्राची माहिती किती दाबून साठवली आहे त्याचा आहे. डीव्ही टेपवर चित्र सेकंदाला २५ मेगाबिट या दराने साठतं. डीव्हीडीवर चित्राच्या वाट्याला फार तर ९.८ मेगाबिट येतात आणि सरासरी त्याहून बरीच खाली असते. भरपूर उजेडाच्या दृश्यांत हे खपून जातं, अंधारात नाही. १९९८ चा डॅनिश चित्रपट ‘फेस्टेन’ बघा. सोनीच्या हातात मावणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यावर तो चित्रित झाला. रात्रीच्या, मंद दिव्यांच्या प्रसंगांत पडदाभर नॉईज, म्हणजे चित्रातले नको असलेले ठिपके, वळवळत असतो. डीव्हीडीवर त्याचे चौकोनी ठोकळे होतात, गाल आणि मागची भिंत एकाच तपकिरी लगद्यात मिसळतात. ब्लू-रेवर तोच नॉईज बारीक, सुटा दिसतो आणि त्यातून चेहऱ्यावरची अस्वस्थता नीट वाचता येते. या चित्रपटाचा जीवच त्या चेहऱ्यांत आहे, त्यामुळे हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

‘२८ डेज लेटर’ (२००२) तर घरातल्या टीव्हीची परीक्षाच घेतो. तो बहुतांशी कॅनन एक्सएल१ वर चित्रित झाला, शेवटचा भाग मात्र ३५ मिमी फिल्मवर. रिकाम्या लंडनच्या दृश्यांत लांबवरच्या इमारतींच्या कडा दातेरी दिसतात, खिडक्या एकमेकींत विरघळतात. मग शेवटी हिरवे डोंगर येतात आणि एकदम श्वास मोकळा होतो. हा बदल जाणवला, तर समजा तुमचा टीव्ही मध्ये लुडबुड करत नाहीये.

बहुतेक टीव्ही ती करतातच. शार्पनेस वाढवलेला असेल तर प्रत्येक कडेला पांढरी रेघ उमटते, कारण या कॅमेऱ्यांनी चित्रीकरणाच्या वेळीच कडा उठावदार केलेल्या असतात. नॉईज रिडक्शनमुळे चेहरे मेणाचे होतात. मोशन स्मूदिंग (टीव्हीने मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणं) तर पहिल्याच दिवशी बंद करा. डीव्हीवरचं चित्रण बऱ्याचदा इंटरलेस असतं, म्हणजे एका फ्रेमच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. त्या नीट जुळवल्या नाहीत तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. हा दोष डिस्कच्या मास्टरमध्येच, म्हणजे डिस्क ज्या मूळ प्रतीवरून बनते तिच्यातच, मुरला असेल, तर घरी बसून काही करता येत नाही.

मास्टर कशावरून केलाय, यावरही बरंच ठरतं. थिएटरसाठी हे चित्रपट ३५ मिमीवर उतरवले जात. फिल्मवरून केलेली डिस्क मऊ, ग्रेन (फिल्मचे बारीक कण) असलेली दिसते. थेट टेपवरून केलेली जास्त कोरडी आणि टोकदार. मला फिल्मवरचीच आवडते, कारण पहिल्या प्रेक्षकांनी तेच रूप पाहिलं होतं.

अजून एक गोष्ट, वेगाची. पाल या (युरोपात आणि भारतात वापरलेल्या) टीव्ही पद्धतीचा डीव्ही सेकंदाला २५ फ्रेम देतो, फिल्म २४ ने चालते. त्यामुळे २५ च्या वेगाने १०० मिनिटांचा असलेला चित्रपट २४ वर साधारण १०४ मिनिटांचा होतो. पिच (आवाजाची पट्टी) सुधारला नसेल तर आवाजही किंचित खर्जात जातो. दोन आवृत्त्यांच्या लांबीत एवढाच फरक दिसला, तर प्रसंग कापल्याची शंका घेण्याआधी हा हिशोब करून बघा.

‘रशियन आर्क’ (२००२) सारख्या, सुरुवातीच्या एचडी कॅमेऱ्यांवर चित्रित झालेल्या चित्रपटांसाठी एवढा काथ्याकूट लागत नाही. तिथे ब्लू-रेच हवी. डीव्हीच्या बाबतीत आधी अंधारे प्रसंग जास्त असलेले चित्रपट घ्या. दिवसाउजेडी घडणाऱ्यांची चांगली डीव्हीडी हाताशी असेल, तर ती बदलायची घाई नको.