टालिन ते हेलसिंकी : १२९ किलो सामान आणि फेरी बोट

मुलीचे एस्टोनियाची राजधानी टालिनमधील पदव्युत्तर शिक्षण जूनमध्ये संपले आणि तिला फिनलंडची राजधानी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात नोकरी मिळाली. ऑगस्टमध्ये तिचे बिऱ्हाड हलवण्याच्या वेळी मी आणि सौ. तिच्याकडेच होतो. वसतिगृहाच्या एका खोलीत दोन वर्षांत किती संसार साठतो याची कल्पना कपाटे रिकामी करायला घेतल्यावर आली. तीन मोठ्या बॅगा अनुक्रमे ३१, २९ आणि २७ किलोच्या, दोन लहान बॅगा प्रत्येकी १२ किलोच्या, आणि कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणे व जाड तळाची कढई भरलेला १८ किलोचा एक खोका, असे एकूण १२९ किलो वजन न्हाणीघरातल्या काट्याने दाखवले. पाठीवरच्या पिशव्या यात धरलेल्या नाहीत.

दोन्ही राजधान्यांमध्ये विमान आहे आणि ते अर्ध्या तासात पोचते, परंतु बहुतेक विमान कंपन्यांचा हिशेब एका बॅगेला २३ किलोचा असतो आणि त्यावरच्या वजनासाठी खिसा हलका करावा लागतो. कुरियरवाल्याने सांगितलेला दर आम्हा तिघांच्या बोटीच्या तिकिटांच्या कितीतरी पट होता. फिनलंडच्या आखातावरचे हे अंतर जेमतेम ८० किलोमीटरचे आहे, जहाजाप्रमाणे दोन ते अडीच तास लागतात आणि दिवसभरात अनेक फेऱ्या असतात. त्यामुळे बोट ठरली. ज्या कंपनीच्या जहाजाने गेलो तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या मार्गावर तीन मोठ्या कंपन्या आहेत आणि अवजड सामान घेऊन जाणाऱ्याला उपयोगी पडणाऱ्या बहुतेक गोष्टी कंपनीपेक्षा बंदरांवर आणि निवडलेल्या वेळेवर अवलंबून आहेत, असे माझे मत झाले.

या मार्गावर सामानाचे ओझे नवलाचे नाही, आणि त्याचे कारण बियर आहे. फिनलंडमध्ये कडक मद्य केवळ ‘आल्को’ या सरकारी दुकानांतच मिळते आणि त्यावर कर भारी आहे. एस्टोनियात तेच मद्य बरेच स्वस्त मिळते, त्यातच २०१९ मध्ये एस्टोनियाने बियर व कडक मद्यावरील कर एक चतुर्थांशाने उतरवला. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार एका माणसाने स्वतःच्या वापरासाठी ११० लिटरपर्यंत बियर आणली तर त्याला सहसा कोणी हटकत नाही. वजनात सांगायचे तर हे माणशी एक क्विंटलहून अधिक झाले. परतणारे फिनिश प्रवासी, त्यांत माझ्याहून वयाने मोठे असलेले आजोबा-आजीही, दोन चाकांच्या घडीच्या लोखंडी ढकलगाडीवर बियरचे पाच-सहा खोके रचून, त्यांना रबरी पट्टे आवळून, अगदी सराईतपणे ओढत नेतात. अशा माणसांची वर्षानुवर्षे वर्दळ असल्यामुळे दोन्ही बंदरांतील दारे रुंद आहेत, लिफ्ट मोठ्या आहेत, आणि तुमच्या कुकरच्या खोक्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आमचे १२९ किलो त्या रांगेत अगदी मध्यमवर्गीय दिसत होते.

मुलीचे विद्यापीठ मुस्तामाए भागात आहे. तेथून बंदरापर्यंत आम्ही बोल्टच्या ॲपवरून मोठी गाडी मागवली. २०१३ मध्ये टालिनमध्येच सुरू झालेल्या या कंपनीची सेवा तिच्या जन्मगावी तरी चोख मिळाली. २०२४ च्या अखेरीस टालिनची ट्रामही जुन्या बंदरापर्यंत आली आहे, तेव्हा एकट्या माणसाने एक बॅग घेऊन ट्रामने जायला हरकत नाही. मात्र बंदराजवळचे जुने शहर पाहण्याची हौस सामानासह भागवू नये. तेथील रस्ते गोल दगडांच्या फरसबंदीचे आहेत, आणि बॅगेच्या चाकांचा तेथे निकाल लागतो. आम्ही ते आठवडाभर आधीच मोकळ्या हातांनी पाहून घेतले होते.

टर्मिनलमध्ये आमच्या बॅगा कोणी ताब्यात घेतल्या नाहीत. पायी चढणाऱ्या प्रवाशाने आपले सामान आपणच जहाजावर न्यायचे आणि आपणच उतरवायचे, हे येथील सर्वांत महत्त्वाचे सत्य आहे. भाऊच्या धक्क्यावर किंवा आमच्या रत्नागिरीच्या एसटी स्थानकावर बॅग खाली ठेवताच दोन हात पुढे येतात, तसे येथे कोणी येत नाही. हमाल हा प्रकारच नाही. वजनाचा काटाही मला कोठे दिसला नाही. तिकीट मोबाइलवर दाखवून फाटकातून आत गेलो आणि पुढे सरकता जिना, लिफ्ट, मग जहाजाच्या दारापर्यंत नेणारा बराच लांब, बंदिस्त, काचेच्या भिंतींचा पूल. हा पूल वरवर सपाट वाटतो, पण त्याला चढ-उतार आहे, आणि तो चढ ३१ किलोच्या बॅगेला आपल्याआधी समजतो.

येथे एक चूक कबूल करतो. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकांच्या बॅगा ज्या लाडाने चालतात, त्या लाडाने त्या या पुलावर चालत नाहीत. चढावर त्या मागे येतात, उतारावर पुढे पळतात, आणि जहाज हलू लागले की उभ्या जागेवरून निघून जातात. मुलीची जुनी, दोन चाकांची, दिसायला ओबडधोबड बॅग सर्वांत शहाणी निघाली. खोक्यासाठी आमच्याकडे ढकलगाडी नव्हती आणि तो मी छातीशी धरून नेला, त्याबद्दल सौ. अजून बोलते. टालिनच्या कोणत्याही मोठ्या दुकानात घडीची ढकलगाडी मिळते आणि ती नंतर घरातही उपयोगी पडते, हे उशिरा कळले.

दुसरी गोष्ट वेळेची. जहाज सुटण्याच्या बरेच आधी फाटक बंद होते आणि ते तुमच्या सामानासाठी थांबत नाही. तिकिटावर छापलेली बंद होण्याची वेळ हीच आपली खरी वेळ मानावी आणि त्याच्याही पाऊण तास आधी टर्मिनलमध्ये असावे, कारण लिफ्टसमोर लेकुरवाळ्या माता, चाकाच्या खुर्चीतले प्रवासी आणि बियरचे खोके या सर्वांची मिळून एक रांग असते. आठवड्याचा दिवसही पाहून घ्यावा. फिनलंडमध्ये काम करणारे कित्येक एस्टोनियन कामगार शनिवार-रविवार घरी काढून रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी पहाटे हत्यारांच्या पेट्यांसह परत निघतात, तेव्हा गर्दी आणि भाडे दोन्ही वाढलेले असते. आम्ही गुरुवारी दुपारचे जहाज घेतले. भाडे कमी पडले आणि जहाज अर्धे रिकामे होते.

जहाजावर चढताच दाराजवळ सामानाची खोली आणि कुलपाची कपाटे होती. येथे आमची निराशा झाली. कपाटांत लहान बॅगाच मावत होत्या, आणि खोलीतील फळ्या मोठ्या बॅगा ठेवता येतील एवढ्या उंच असल्या तरी ती खोली उघडीच होती, म्हणजे तिच्यावर कोणाचे लक्ष नव्हते. कागदपत्रे, दागिने आणि लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत घेऊन बाकीचे सामान आम्ही तेथे लावले, चाकांची तोंडे भिंतीकडे केली आणि दोन बॅगांचे पट्टे एकमेकांत अडकवून वर गेलो. अडीच तासांच्या अंतरासाठी एवढी व्यवस्था पुरेशी आहे, हे मान्य. तरीही ज्या कंपनीला आपले निम्मे गिऱ्हाईक ओझे वाहणारे आहे हे ठाऊक आहे, तिने तेथे एखादा माणूस नेमायला हवा होता. एखाद्या स्नेह्याची मोटार याच जहाजाने येणार असेल, तर सामान तिच्यातच भरावे, हे उत्तम. मात्र जहाज चालू असताना मोटारींच्या डेकवर थांबू देत नाहीत, त्यामुळे औषधे व स्वेटर आधीच काढून घ्यावेत.

खाण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर कॉफी चांगली आणि शाकाहारी माणसासाठी पर्याय मोजके. राईच्या पातळ पारीत भाताचे सारण भरलेला कारेलियन पदार्थ सौभाग्यवतीला आवडला. त्यावर लावून देतात ते लोणी उकडलेल्या अंड्याचे असते, हे तिला आधीच सांगितले म्हणून बरे. उरलेली भूक धपाट्यांनी भागवली.

परदेशातून परदेशात जाताना शिक्का, रांग, प्रश्न यांची धास्ती आपल्याला असते. फिनलंड २००१ पासून आणि एस्टोनिया डिसेंबर २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे हेलसिंकीत पासपोर्टावर शिक्का मारायला कोणी बसलेले नसते, आणि आम्हा दोघांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असता तरीही अडले नसते. परंतु अधूनमधून तपासणी होते, म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा. विद्यार्थ्यांसाठी वेगळी सूचना आहे : एस्टोनियाच्या निवास परवान्यावर फिनलंडमध्ये काही दिवस राहता येते, नोकरी करता येत नाही. मुलीचा फिनलंडचा परवाना हातात आल्यावरच आम्ही बोटीचे तिकीट काढले. बाहेर पडताना सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याची नजर आमच्या खोक्यावरून सरळ मागच्या गृहस्थांच्या ढकलगाडीवर गेली.

हेलसिंकीचे वेस्ट टर्मिनल २ हे २०१७ मध्ये सुरू झालेले आहे आणि सामान घेऊन उतरणाऱ्याच्या दृष्टीने मला ते टालिनपेक्षाही सरस वाटले. जहाजातून एका वेळी सगळेच बाहेर पडतात, त्यामुळे पहिल्या लोंढ्यात घुसण्याचा मोह टाळावा. आम्ही दहा मिनिटे सामानाजवळच बसून राहिलो आणि मग लिफ्ट रिकामी मिळाली. ट्राम टर्मिनलच्या दारातच येते, तिचा पायठाणा फलाटाला टेकलेला असतो आणि बाबागाड्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा असते. शहरातल्या कांपी या थांब्यावर उतरून एस्पोकडे जाणारी मेट्रो घेता येते. दोन माणसे व दोन बॅगा एवढाच पसारा असेल तर हाच मार्ग घ्यावा. आमच्या सहा नगांसाठी आम्ही मोठी टॅक्सी केली, आणि या संपूर्ण प्रवासात सर्वांत जास्त पैसे त्या शेवटच्या पंचवीस मिनिटांना गेले.

ज्यांना सामानाइतकेच समुद्राचेही कौतुक आहे, त्यांनी शहराच्या मधोमध असलेल्या कातायानोका धक्क्याला जाणारे जहाज पाहावे. ते सुओमेनलिना या बेटांवरच्या सागरी किल्ल्याला जवळजवळ खेटून, अरुंद खाडीतून आत शिरते. १९९१ पासून हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुरुड-जंजिऱ्याला होडीतून वळसा घातलेल्या माणसाला ती दहा मिनिटे डेकवरच काढावीशी वाटतील. त्या जहाजाला वेळ थोडा अधिक लागतो.

पंधरा दिवसांनी वसतिगृहाच्या खोलीच्या किल्ल्या परत करण्यासाठी मुलगी आणि मी पुन्हा टालिनला गेलो, या खेपेस हातात केवळ एक छत्री. हेलसिंकीच्या फाटकाशी रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्या आजोबांच्या ढकलगाड्या घडी घालून काखेत मारलेल्या होत्या आणि रबरी पट्टे त्यांच्या कोटांच्या खिशातून डोकावत होते. आम्हीही टालिनमध्ये उतरल्यावर आधी तशी एक ढकलगाडी विकत घेतली, कारण खोली सोडताना पलंगाखाली आणखी एक खोका निघाला.