जुन्या गेमसाठी डब्बा टीव्ही की एलईडी? सांगलीत राहून ठरवायचं असेल तर

टीव्ही कोणता घ्यायचा हे नंतर बघू, आधी गेम कशावर खेळणार ते ठरवा. घरात कॅसेटचा टीव्ही गेम, सेगाचं मशीन किंवा पहिलं-दुसरं प्लेस्टेशन असेल आणि तेच चालवायचं असेल, तर पिक्चर ट्यूबचा डब्बा टीव्ही आजही एलईडीला भारी पडतो. तेच गेम लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून खेळणार असाल, तर डब्ब्यासाठी मिरज-कुपवाड पालथं घालायची गरज नाही, बऱ्यापैकी एलईडीवर काम होतं. हे माझं ठाम मत आहे. ते का, आणि सांगलीत डब्बा घेताना काय बघावं, ते आता सविस्तर लिहितो.

बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंत

दोन टीव्हींतला सगळ्यात मोठा फरक डोळ्यांआधी अंगठ्याला कळतो. साध्या डब्ब्यात पिवळ्या एव्ही वायरीतून सिग्नल आला की इलेक्ट्रॉनचा झोत तो काचेच्या आतल्या फॉस्फरच्या चमकणाऱ्या थरावर ओळीमागून ओळ उमटवत जातो. चित्र साठवून ठेवणं, त्यावर प्रक्रिया करणं हा प्रकारच नाही. एलईडी टीव्ही आधी अख्खी फ्रेम जमा करतो, तिचा आकार वाढवतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. गेम मोड (ही प्रक्रिया कमी करणारी टीव्हीतली सेटिंग) बंद असेल तर यात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. पाल सिग्नलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हींच्या पद्धतीत, मशीन २० मिलिसेकंदांना एक चित्र पाठवतं. म्हणजे मारिओ खड्ड्याच्या काठावर आहे असं तुम्हाला दिसतं, तेव्हा मशीनच्या हिशेबात तो तीन ते पाच चित्रं पुढे गेलेला असतो. बऱ्याचदा खड्ड्यातच.

लहानपणी सहज पार केलेल्या लेव्हल आता जमत नाहीत म्हणून लोक वयाला दोष देतात. वयाला दोष देण्याआधी टीव्ही तपासा. मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा २४० फ्रेमवर लावा आणि हातातला रिमोट व स्क्रीन दोन्ही एकाच चौकटीत येतील असं शूटिंग करा. मग अंगठ्याखाली बटण दबलेलं दिसतं तिथून मारिओचे पाय जमीन सोडतात तिथपर्यंत एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. थोडा उशीर गेमचा स्वतःचा असतो, तो दोन्हीकडे सारखाच. तेच मशीन आधी शेजारच्या डब्ब्याला आणि मग घरच्या एलईडीला लावून मोजलं, की जो फरक उरतो तो टीव्हीचा.

चांगल्या एलईडीत गेम मोड लावला की उशीर १० ते २० मिलिसेकंदांवर येतो आणि तेवढा कुणालाही चालेल. अडचण अशी, की हा फायदा एचडीएमआयने येणाऱ्या सिग्नलला मिळतो. एव्ही पिनमधून येणाऱ्या जुन्या सिग्नलवर टीव्हीला जास्त काम करावं लागतं, त्यामुळे गेम मोड चालू असूनही उशीर राहू शकतो. कित्येक नव्या टीव्हींना एव्ही पिनाच नसतात. मग लोक एव्हीचं एचडीएमआय करणारी ५०० रुपयांच्या आसपासची डबी आणतात. ती डबी सिनेमा बघायला ठीक आहे, गेमसाठी मी कुणालाही ती घ्या म्हणणार नाही. चित्र तिथेच बिघडतं आणि उशीरही वाढतो.

चित्राचं म्हणाल तर

जुन्या मशीनचं चित्र डब्ब्यासाठीच बेतलेलं होतं, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं. पाल टीव्हीच्या ६२५ ओळी दोन हप्त्यांत काढल्या जातात, आधी एक आड एक अशा अर्ध्या, मग मधल्या उरलेल्या. जुनी गेम मशीनं (दुसरं प्लेस्टेशन सोडून) मात्र बहुतेक गेममध्ये दर वेळी त्याच अर्ध्या ओळी त्याच जागी काढायला लावतात. मधल्या ओळी काळ्याच राहतात. डब्ब्यावर गेम खेळताना ज्या बारीक आडव्या रेघा दिसतात त्या याच. त्या रेघांमुळे चौकोनी ठिपके एकमेकांत मिसळून जातात आणि चेहऱ्याला चेहऱ्यासारखा आकार येतो.

एलईडीला ही युक्ती कळत नाही. तो समजतो की नेहमीच्या टीव्हीचाच सिग्नल आलाय, आणि लागोपाठची दोन वेगळी चित्रं एकात एक विणायला जातो. याचा परिणाम कॉन्ट्रा या गेममध्ये बघा. माणूस मरून परत वरून पडतो तेव्हा काही क्षण लुकलुकतो, म्हणजे आत्ता त्याला गोळी लागणार नाही. डब्ब्यावर ही लुकलुक स्वच्छ दिसते. एलईडीवर कधी कंगव्याच्या दातांसारख्या चिरलेल्या कडा दिसतात, कधी अर्धवट माणूस दिसतो, कधी तो काही वेळ गायबच होतो. ज्या क्षणी पळायचं त्याच क्षणी आपला माणूस कुठे आहे हे शोधावं लागतं.

सेगावरच्या सोनिकचा (१९९१) धबधबा हे दुसरं उदाहरण. त्या मशीनला अर्धपारदर्शक रंग सहजी काढता येत नव्हते, म्हणून धबधबा एक आड एक उभ्या पट्ट्यांनी काढलाय. पिवळ्या वायरीतून जाताना त्या पट्ट्या एकमेकांत मिसळतात आणि डब्ब्यावर पाण्याआडची झाडी दिसते. तेच चित्र एलईडीवर अगदी चोख केलं की पाणी जातं, पट्ट्या उरतात.

शिवाय वेग. डब्ब्यावरचा प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझतो. एलईडीवर चित्र पुढचं चित्र येईपर्यंत तसंच धरून ठेवलेलं असतं, म्हणून पळणारी पार्श्वभूमी आपल्या डोळ्याला पुसट होते. गाड्यांचे आणि विमानांचे गेम खेळणाऱ्याला हा फरक पहिल्या मिनिटात दिसेल.

डब्ब्याची बाजू घेतानाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. ५० हर्ट्झची थरथर जवळून बघितली की काहींचं डोकं दुखतं. आणि पाल सेटमधून १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी निघत असते, ती मोठ्यांना फारशी ऐकू येत नाही पण लहान मुलांना त्रास देऊ शकते. घरात कुणाला असा त्रास होत असेल तर विषय तिथेच संपवा. वीज डब्बा थोडी जास्त खातो, पण रविवारी दोन तास खेळणाऱ्याच्या बिलात ते जाणवणार नाही.

बंदूक असेल तर दुसरा पर्यायच नाही

टीव्ही गेमसोबत आलेली बंदूक जपून ठेवली असेल तर एवढ्यासाठीसुद्धा डब्बा घ्या. बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की स्क्रीन क्षणभर पूर्ण काळी होते आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. ठरलेल्या वेळेत त्याला तो चौकोन दिसला तर बदक पडलं. एलईडीवर चौकोन उशिरा उमटतो, आणि बंदुकीतलं सर्किट ज्या प्रकारच्या झोताची वाट बघत असतं तो झोतही तिथे नसतो. बंदूक काचेला टेकवून मारली तरी बदक पडत नाही. बंदूक खराब झाली म्हणून ती टाकून देऊ नका. ‘१०० हर्ट्झ’ असं लिहिलेल्या महागड्या डब्ब्यांवरही ती चालत नाही, कारण त्यांच्यातही चित्र आधी साठवून मग दाखवतात.

इम्युलेटरवाल्यांसाठी

इथे तराजू एलईडीकडे झुकतो. एचडीएमआयने जोडा, गेम मोड लावा, चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. मारिओ आडवा ताणून खेळू नका. रेट्रोआर्क या इम्युलेटरच्या प्रोग्राममध्ये डब्ब्याच्या रेघा आणि काचेची चमक आणणारे शेडर मिळतात, आणि ४के स्क्रीनवर ते फार सुंदर दिसतात. खरं मशीन एलईडीला लावायचंच असेल तर ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखी उपकरणं आहेत. जुना सिग्नल नीट ओळखून ती जवळपास शून्य उशिरात पुढे देतात. काम चोख, पण ती परदेशातून मागवावी लागतात. रेट्रोटिंक ४के २०२३ च्या शेवटी आलं तेव्हा त्याचीच किंमत ७५० डॉलर होती. सांगलीत भंगाराच्या भावात मिळणारा डब्बा जे काम करतो त्यासाठी एवढे पैसे घालणं मला पटत नाही.

एक मधला मार्गही आहे. रास्पबेरी पाय ३ च्या हेडफोनच्या भोकातूनच एव्ही सिग्नल मिळतो. योग्य वायर घेऊन सेटिंगमध्ये प्रोग्रेसिव्ह पाल (दर वेळी त्याच अर्ध्या ओळी काढणारा प्रकार) निवडलं की इम्युलेटरचे गेम डब्ब्यावर खऱ्या मशीनसारखे रेघांसकट दिसतात.

सांगलीत डब्बा घेताना

पहिला प्रश्न किमतीचा नको, पुराचा विचारा. हा सेट २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पाण्यात होता का? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात, मारुती चौकात, शामरावनगरात तळमजल्यावरचं सामान किती दिवस पाण्यात होतं हे इथे कुणाला सांगायला नको. तेव्हा धुऊन, वाळवून ठेवलेले सेट अजूनही विकायला येतात, आणि सुरुवातीला ते चालतातही. विकणारा सांगेल न सांगेल, तुम्ही खुणा बघा. मागच्या झाकणाचे स्क्रू गंजलेले आहेत का? स्पीकरच्या जाळीत वाळलेला गाळ आहे का? हवेच्या फटींतून टॉर्च मारली तर आत मातकट थर दिसतो का? एक जरी खूण दिसली तर सेट सोडून द्या. गाळ बसलेल्या सेटमध्ये पावसाळी हवेत हाय व्होल्टेज गळतं, सर्र असा आवाज येतो, आणि एक दिवस एलओटी, म्हणजे हाय व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, जातो.

सेट थंड असताना चालू करायला सांगा. दुकानदाराने आधीच चालू करून ठेवला असेल तर बंद करून अर्ध्या तासाने परत या. सुरू होताना ‘धम्म’ असा आवाज येतो, तो काचेमागच्या धातूच्या जाळीचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा. तो चांगला. हाताच्या मागची बाजू काचेजवळ नेली की लव उभी राहते, तेही ठीक. पण चित्र उजळायला मिनिटभर लागत असेल, पांढऱ्याच्या कडेने रंग ओघळत असेल किंवा लाल रंग फिका असेल, तर ट्यूब वीक झाली आहे. ट्यूबला बूस्टर लावलाय का, हे थेट विचारा. बूस्टर ट्यूबचं हीटर जास्त तापवून चित्र उजळवतो, पण ती ट्यूब आता शेवटाकडे आहे. नवीन ट्यूब कुठून आणणार? ट्यूब सोडून बाकी बहुतेक दुरुस्त होतं. आडवी पांढरी रेघच दिसत असेल तर व्हर्टिकल आयसी (चित्र उभं पसरवणारी चिप) गेलीय किंवा ड्राय सोल्डर (सुटलेला डाग) आहे, ते किरकोळ काम आहे. मूळ चेसिस (आतला सर्किट बोर्ड) काढून चायना किट बसवलेला असेल तरी हरकत नाही, फक्त चित्र एका बाजूला सरकलेलं नको.

घरी झाकण मात्र उघडू नका. आत २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहतो. मारुती चौकापासून विश्रामबागेपर्यंत विचारत गेलात तर डब्बा दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक अजून भेटतात. सेट घ्यायच्या आधी असा एक माणूस गाठून ठेवा, आणि तुम्ही बघितलेल्या मॉडेलचा एलओटी मिळतो का ते त्यांनाच विचारा.

पिना बघायला विसरू नका. समोर किंवा मागे पिवळी-पांढरी-लाल एव्ही हवी. नुसती अँटेनाची पिन असेल तर चित्र फार गढूळ येतं. मागे हिरवी-निळी-लाल अशा तीन व्हिडिओ पिना असतील तर दुसऱ्या प्लेस्टेशनसाठी तो सेट लगेच घ्या, रंग एकदम स्वच्छ येतात. मशीन अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेलं असेल तर ते लावूनच बघा. जुन्या पाल सेटवर ते कधी ब्लॅक अँड व्हाइट दिसतं, कधी चित्र वरवर धावत राहतं. ‘स्लिम’ म्हणून विकले गेलेले कमी खोलीचे डब्बे टाळा, त्यांच्यात सरळ रेषा कडेला वाकलेल्या दिसतात.

सेट बाद झाला तर तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या. तांब्यासाठी ट्यूब फोडणाऱ्याच्या हाती देऊ नका, त्या काचेत शिसं असतं.

आकाराचं शेवटी सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात. २९ इंची फ्लॅट सेट बघितला की मोह होतो, पण तो ४०-५० किलोंचा असतो आणि सगळं वजन काचेकडे असतं. दोन धट्टेकट्टे लोक नसतील तर तो जिन्याने चढत नाही. वरच्या मजल्यावर कायमची जागा असेल तर २१ इंची घ्या. चौघांना बसून खेळायला तो पुरतो, आणि जुनं चित्र त्यावर सगळ्यात खुलून दिसतं. नदीकडच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर १४ इंचीच बघा. साधारण १० किलोंचा असतो, आणि पाणी चढायला लागलं तर काच छातीकडे धरून एकटा माणूस तो माडीवर नेऊ शकतो.