रिव्ह्यू: बडी हॉलीची '20 गोल्डन ग्रेट्स' एलपी (जुनी, आणि आली तेव्हा वाकडी)

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे घाईतले लोक मोकळे. गाण्यांना पाचपैकी साडेचार, पॅकिंगला शून्य, आणि विकणाऱ्याला एक, तो पण नंतर तीनशे रुपये परत केले म्हणून.

आता सविस्तर. ही 1978 ची एलपी म्हणजे मोठी रेकॉर्ड आहे, अमेरिकेतला रॉक अँड रोल गायक बडी हॉली आणि त्याच्या क्रिकेट्स बँडची, दोन्ही बाजूंना दहा-दहा गाणी, आणि त्या साली इंग्लंडात विक्रीच्या यादीत ही एक नंबरला गेली होती, म्हणजे माणूस जाऊन 19 वर्षं झाल्यावर. मी ऑनलाईन सेकंडहँड घेतली, 1850 रुपये आणि वर कुरियरचे 120. एप्रिलमध्ये परभणीत रेकॉर्ड मागवणं हा माझा येडेपणा हे मान्य. कुरियरवाल्या पोरानं दुपारी दोनला गाडीच्या डिक्कीतून पार्सल काढून दिलं तेव्हा पुठ्ठा तव्यासारखा तापलेला, आणि तो पुठ्ठा म्हणजे साडीच्या खोक्याचा असतो ना तेवढा पातळ. उघडून प्लेअरवर ठेवली तर एका बाजूची कड टम्म भाकरीसारखी उचललेली, सुई आपली नाल्यातून बैलगाडी गेल्यासारखी खाली-वर, आणि बडी हॉली बिचारा मध्येच रडल्यासारखा मध्येच हसल्यासारखा. विकणाऱ्याला फोटो टाकले तर त्याचं उत्तर, 'रस्त्यात झालं असेल सर, आमच्याकडून ओके होती.' चार दिवस मेसेजवर मेसेज केल्यावर ते तीनशे आले.

मग स्टेशन रोडकडं एक चाचा आहेत त्यांच्याकडं गेलो. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारीचं रिवायंडिंग हा खरा धंदा, पण पूर्वी टेप आणि रेकॉर्ड प्लेअर लई दुरुस्त केलेले. त्यांनी रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून कडेनं पाहिलं आणि म्हणाले, 'क्या मियाँ, पापड समझ के सुखाए क्या इसको?' मग त्यांनीच सांगितलं, दोन काचांच्या मध्ये ठेवायची, वर सगळीकडून सारखं वजन द्यायचं, उन्हात अजिबात न्यायची नाही, आणि आठ दिवस हात लावायचा नाही. शोकेसच्या दोन काचा काढल्या, वर पाट आणि पाटावर हरभऱ्याचं अर्धं पोतं. आई रोज विचारायची हे कामून ठेवलं इथं. प्लेअरचा बेल्ट पण ढिला झालेला, तो चाचांनी बदलला, तेलपाणी केलं, सगळे मिळून 250 घेतले. त्यांना पाचपैकी पाच.

आठ दिवसांनी ऐंशी टक्के सरळ झाली. पण बाहेरच्या कडेचा झोल गेला नाही ते नाहीच, म्हणजे दोन्ही बाजूंचं पहिलं गाणं हलतं. आणि आमचं नशीब बघा, एका बाजूला पहिलं 'दॅट'ल बी द डे' आणि दुसऱ्या बाजूला 'इट डझन्ट मॅटर एनीमोअर', म्हणजे या माणसाची इंग्लंडात एक नंबरला गेलेली दोन गाणी, नेमकी तीच.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एल्व्हिस सगळ्यांना माहिताय, दिसायला देखणा, कंबर हलवणारा. हा त्याच काळातला पण एकदम उलटा, उंच किडकिडीत पोरगा, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, आपल्याकडं बँकेत कॅशियरच्या खिडकीमागं बसलेला असावा असा. 7 सप्टेंबर 1936 चा जन्म, टेक्सासमधलं लबक गाव. खरं आडनाव होली, इंग्रजीत त्यात एक ई जास्तीचा, तो रेकॉर्ड कंपनीच्या करारात टाईप करताना राहून गेला आणि मग ह्यानं तसंच ठेवलं. भावासोबत फरशा बसवायच्या कामाला जायचा, आणि ती नंतर प्रसिद्ध झालेली स्ट्रॅटोकास्टर गिटार घ्यायला थोरल्या भावानंच पैसे दिले.

लबक म्हणजे कापसाचा मुलूख. सपाट जमीन, झाड दिसत नाही, धुळीची वादळं, आणि सगळीकडं कापूस. हे मी अण्णांना सांगितलं. अण्णा आमचे जन्मभर कापूस खरेदीत ग्रेडर, मानवत-सेलूच्या जिनिंगांमध्ये आयुष्य गेलं, तर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पहिला प्रश्न काय विचारावा, 'धाग्याची लांबी किती तिकडच्या?' म्हणलं अण्णा मी गाणं ऐकतोय. तर म्हणे मग तसं सांग.

कापसाच्या गावातून हा 1956 ला नॅशव्हिलला गेला, डेक्का कंपनीनं गाणी रेकॉर्ड केली, चालली नाहीत, करार संपवला आणि घरी पाठवलं. त्यात 'दॅट'ल बी द डे' पण होतं. हे शब्द त्यांनी सिनेमातून उचलले, 'द सर्चर्स'मध्ये जॉन वेन सारखा तेवढंच म्हणत असतो. करारात लिहिलं होतं की डेक्कासाठी केलेलं गाणं स्वतःच्या नावानं पाच वर्षं पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही. मग ह्यांनी काय केलं, बँडचं नाव क्रिकेट्स ठेवलं, म्हणजे रातकिडे, आणि तेच गाणं फेब्रुवारी 1957 मध्ये त्या नावावर पुन्हा केलं. अमेरिकेत आणि इंग्लंडात दोन्हीकडं एक नंबर. सातबाऱ्यावर नाव बदलून जमीन तीच कसायची ही आयडिया फक्त आपल्याकडंच आहे असं मला वाटायचं.

हे रेकॉर्डिंग झालं क्लोव्हिसला, न्यू मेक्सिकोतलं छोटं गाव, लबकपासून दीडशे-एक किलोमीटर. तिथं नॉर्मन पेटी नावाच्या माणसाचा स्टुडिओ. (आडनाव पेटी आणि वाजवायचा ऑर्गन, असो.) बाकी स्टुडिओ तासाचे पैसे घ्यायचे, हा गाण्याचे घ्यायचा, त्यामुळं पोरं रात्र रात्र बसून एकेका गाण्याशी खेळायची, मीटर पळत नव्हतं. आवाज घुमवायला काही भारी मशीन नाही, शेजारच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत स्पीकर आणि माइक ठेवला की झालं. आता ह्या पेटीची दुसरी बाजू पण आहे, गाण्यांवर सहलेखक म्हणून स्वतःचं नाव लावलं आणि पैशाचा सगळा हिशोब स्वतःकडं ठेवला, 1958 संपता संपता हॉली त्याच्यापासून वेगळा झाला तेव्हा स्वतःच्याच कमाईसाठी ताटकळत बसायची पाळी. आपल्याकडं अशा आडत्यांची कमी नाही त्यामुळं मला फार आश्चर्य वाटलं नाही, पण त्या स्टुडिओशिवाय ही गाणी अशी झाली नसती हे पण खरंच आहे, काय करता.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. पहिल्या बाजूचं चौथं गाणं, 'एव्हरीडे'. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. लावलं होतं दुपारी, कूलर बंद केला कारण त्याच्या घरघरीत काही ऐकू येईना, अण्णा खाटेवर आडवे. गाण्यात छोट्या घंट्यांसारखं किणकिण वाजतं, ते सेलेस्टा नावाचं वाद्य, पेटीच्या बायकोनं वाजवलेलं. आणि त्याच्याखाली टपटप टपटप असा एक ठेका. अण्णा झोपलेत असं मला वाटलेलं, तर डोळे मिटूनच म्हणाले, 'हा मांडीवर वाजवू राहिला रे.' मी म्हणलं काहीतरी काय, ड्रम असंल. तर उठून बसले, धोतर सारखं केलं आणि गुडघ्याच्या वर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं, गाण्याबरोबर, हुबेहूब. आमच्या गावात एकादशीच्या भजनाला पखवाजवाला आला नाही की अण्णा असंच करायचे. मी मोबाईलवर शोधलं तर खरंच की! ड्रमर जेरी ॲलिसन, त्यानं त्या गाण्यात ड्रम वाजवलेलाच नाही, मांड्याच थोपटल्यात. इंग्रजीतला ओ की ठो न कळणाऱ्या माणसानं एका ऐकण्यात ओळखलं आणि मी चार वर्षं हे गाणं मोबाईलवर ऐकत होतो, इयरफोन लावून, मला कधी कळलं नाही.

त्याच्या पुढचंच 'नॉट फेड अवे', त्यात हाच ॲलिसन बाबा पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवतो. खोका. माझ्या पार्सलच्या पुठ्ठ्यापेक्षा तो नक्कीच जाड असणार. आणि 'पेगी सू'मध्ये मात्र ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा धडधडतो, खालून मालगाडी गेल्यासारखा, आणि वरून हॉली ते एकच नाव दहा प्रकारे म्हणतो, कधी उचकी लागल्यासारखं, कधी लाडात, कधी नाकात. मुळात गाण्यात नाव दुसरंच होतं, सिंडी लू, ॲलिसनच्या मैत्रिणीच्या नावानं बदललं. माझ्या मते पहिली बाजू अख्खी पाचपैकी पाच. बहुतेक सगळी गाणी दोन-सव्वादोन मिनिटांची, चहाला उकळी यायच्या आत दोन होतात.

दुसऱ्या बाजूला माझे अर्धे मार्क कापले गेले, त्याचं कारण सांगतो. ऑक्टोबर 1958 ला न्यूयॉर्कमध्ये व्हायोलिनचा ताफा घेऊन केलेली गाणी इथं आहेत, 'ट्रू लव्ह वेज', 'रेनिंग इन माय हार्ट' वगैरे. काही लोकांना ही गुळमट वाटतात, मला नाही वाटत, आमच्या आईला तर हीच आवडली. पण शेवटी 'बो डिडली' आणि 'ब्राऊन आइड हँडसम मॅन' आहेत, ती त्यानं आधी साधी करून ठेवलेली, त्याच्या माघारी दुसऱ्या बँडनं वरून वाजवून 1963 ला इंग्लंडात काढली, आणि जोरात चालली पण. 'पेगी सू गॉट मॅरिड' तर त्यानं फ्लॅटमध्ये एकट्यानं गिटारवर टेप केलेलं, त्याच्यावर पण नंतर लोकांनी साज चढवला. ऐकताना कळतं, गाणारा एका खोलीत आणि वाजवणारे दुसऱ्याच गावात. विधीला आलेल्या पाव्हण्यांनी घर आवरून ठेवावं तसं आहे ते, चांगल्या मनानंच केलं असंल पण वस्तू जागेवर सापडत नाहीत.

विमान पडून हॉली गेला त्याचं थोडक्यात, कारण सगळे तेवढंच सांगत बसतात. पैशाची अडचण, बायको गरोदर, म्हणून जानेवारी 1959 मध्ये भर बर्फातला दौरा घेतला, बसचे हीटर बंद, ड्रमरचे पाय गारठून त्याला दवाखान्यात टाकलं. वैतागून आयोवातल्या क्लिअर लेकच्या कार्यक्रमानंतर छोटं विमान केलं, माणशी 36 डॉलर. 3 फेब्रुवारीला मध्यरात्र उलटल्यावर पडलं. हॉली 22 वर्षांचा, सोबतचा गायक रिची व्हॅलेन्स 17 चा, त्यानं तर नाणं उडवून जागा जिंकलेली, तिसरा गायक बिग बॉपर तापानं फणफणलेला म्हणून त्याला दुसऱ्यानं जागा दिली, आणि पायलट 21 चा. हॉलीचा चष्मा बर्फ वितळल्यावर सापडला आणि तिथल्या कोर्टात एका पाकिटात पडून राहिला तो थेट 1980 मध्ये कुणाच्या तरी हाताला लागला. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मला या मरणाच्या गोष्टीचा राग येतो तो एवढ्यासाठी की त्यामुळं कामाचं कुणी बोलत नाही. यातली बहुतेक गाणी फेब्रुवारी 57 ते ऑक्टोबर 58 एवढ्यातली, वीस महिने फक्त, मध्ये ऑस्ट्रेलिया झालं, इंग्लंड झालं, लग्न झालं. आणि तेवढ्यात मांडी, खोका, घंट्या, व्हायोलिन सगळं करून बघितलं. 1958 मध्येच तिकडं लिव्हरपूलला जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी (पुढं बीटल्सवाले) या पोरांनी आपली पहिली रेकॉर्ड केली ती 'दॅट'ल बी द डे'चीच. लेननला चारचौघात चष्मा घालायची लाज वाटायची, ती ह्याला बघून थोडी कमी झाली म्हणतात.

घ्यायची का? घ्या, फक्त मार्च ते जून मागवू नका, आणि विकणाऱ्याकडून रेकॉर्ड आडवी धरून कडेचा फोटो मागा, वरचा फोटो काही कामाचा नाही, वरून सगळ्याच गोल दिसतात. चाचांचं दुकान शुक्रवारी दुपारी बंद असतं. प्लेअर नेणार असाल तर सुईवर टोपी लावून न्या, मी तसाच ऑटोत मांडीवर घेऊन गेलो तर पहिली दहा मिनिटं शिव्याच खाल्ल्या.