आयटीआर-७ आणि प्राप्तिकर पोर्टल : न्यासांसाठी कितपत सोयीचं?

प्राप्तिकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर धर्मादाय न्यासाचं विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-७, भरणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. एक्सेल युटिलिटी डाउनलोड करायची, तक्ते भरायचे, जेसन फाइल बनवून अपलोड करायची आणि ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं. न्यासाची करसूट हातची जाते ती बहुधा आयटीआर-७च्या आधीच्या फॉर्मांमुळे, आणि पोर्टल या फॉर्मांचा क्रम कुठेही एकत्र दाखवत नाही. ही त्याची सगळ्यात मोठी उणीव.

पहिला फॉर्म ऑडिट रिपोर्टचा. कलम ११ची (न्यासाच्या उत्पन्नावरची) सूट धरण्याआधीचं उत्पन्न ५ कोटींच्या वर, परदेशी देणगी मिळालेली किंवा भारताबाहेर खर्च केलेला, यांतलं एक जरी लागू असलं तरी १०बी. नाहीतर १०बीबी. परदेशी देणगी कितीही किरकोळ असली तरी १०बीबी चालत नाही. मुदत ३० सप्टेंबर, म्हणजे विवरणपत्राच्या एक महिना आधी. सीएंनी यूडीआयएनसह (सीएंच्या प्रत्येक दाखल्याचा स्वतंत्र क्रमांक) रिपोर्ट चढवला की काम झालं, असं विश्वस्तांना वाटतं. पण न्यासाच्या लॉगिनमध्ये ‘वर्कलिस्ट’मध्ये जाऊन तो स्वीकारेपर्यंत रिपोर्ट दाखल होत नाही. अध्यक्ष बदललेत आणि प्रोफाइलवर जुन्यांचीच डिजिटल सही आहे, तर गाडी इथेच अडते. जुलैतच तपासा.

उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च झाला नसेल तर उरलेली रक्कम ठरावीक कामासाठी साठवण्याचा फॉर्म १० किंवा ती नंतर खर्च करणार असल्याचं कळवणारा ९ए. त्यांची मुदत विवरणपत्राच्याही दोन महिने आधीची. फॉर्म १०मध्ये ‘धर्मादाय कार्यासाठी’ एवढंच लिहून भागत नाही. वसतिगृहाचा मजला, रुग्णवाहिका असा नेमका उद्देश लिहा.

महाराष्ट्रातल्या न्यासांना आणखी एक पेच. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा हिशेब बहुतेकांचा अजून द्यायच्या रकमाही खर्चात धरून असतो, आयटीआर-७मध्ये मात्र प्रत्यक्ष दिलेलीच रक्कम खर्च म्हणून चालते. मार्चचे थकीत पगार एप्रिलमध्ये दिले, तर ते पुढच्या वर्षात. १०,००० रुपयांवरचं रोख बिलही खर्चात धरत नाहीत. आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, जुळवणीचा कागद फाइलला लावा.

८०जी (देणगीदाराला करवजावट मिळवून देणारी मान्यता) असलेल्यांचा १०बीडी, म्हणजे देणग्यांचा तपशील, ३१ मेपर्यंत, सीएसव्ही फाइलमधून. देणगीदाराचा १२ अंकी आधार एक्सेल परस्पर १.२३ई+११ असा करून टाकतं आणि तसाच सेव्ह करतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. आणि सेव्ह केलेली सीएसव्ही तपासायची तर नोटपॅडमध्ये. एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केलीत, की पहिल्यापासून सुरुवात. १०बीडीला उशीर झाला तर शुल्क दिवसाला २०० रुपये, शिवाय दंड वेगळा.