उंची दिसते, ब्रेक दिसत नाहीत: पिकअपच्या मॉडिफिकेशनमध्ये मला कशी टोपी घातली

पिकअप उंच करून घेणाऱ्याला गंडवणं सोपं असतं, कारण उंची डोळ्यांना दिसते. गाडी गॅरेजमधून बाहेर आली की टायर आणि मडगार्डमधली वाढलेली फट बघून माणूस खूश होतो, फोटो काढतो आणि पैसे चुकते करतो. बिलावरच्या बाकीच्या गोष्टी चाकामागे आणि चॅसीखाली असतात. पाटे (लीफ स्प्रिंग), शॉकअप, ब्रेकच्या नळ्या, पॅड, ऑइल यातलं काय खरंच बदललं, हे आडवं होऊन बॅटरी मारल्याशिवाय कळत नाही. मला ज्याने टोपी घातली त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. पद्धत लिहितो, कारण ती वापरणारा तो एकटा नाही.

माझ्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे आणि अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग दांडा. पुढे डिस्क, मागे ड्रम. जुनं मॉडेल असल्याने एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. ठरलेलं काम असं: ५० मिलिमीटर उंची, २९ ऐवजी ३३ इंची टायर आणि त्या टायरना झेपतील असे ब्रेक. हा शेवटचा मुद्दा माझाच आग्रहाचा होता. टायरचा व्यास वाढला की ब्रेक कमी पडतात. २९ वरून ३३ वर गेलं तर पेडलवर तेवढाच जोर देऊनही जमिनीवर मिळणारी ब्रेकची पकड साधारण १२ टक्क्यांनी घटते, शिवाय टायरचं वजन वाढतं ते वेगळंच. गॅरेजवाल्याने हे माझ्या आधी स्वतःच बोलून दाखवलं. माणसाला विषय कळत होता, आणि फसवायला तेच ज्ञान उपयोगी पडतं.

पहिला संशय आला अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजल्याच्या कागदामुळे. मशीनमधून निघालेला रंगीत कागद होता, 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने, आधीचे आकडे लाल आणि नंतरचे हिरवे. त्यात मागच्या चाकांचा कँबरसुद्धा, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, लालचा हिरवा झालेला. अखंड एक्सलच्या गाडीत मागचा कँबर पाना फिरवून बदलताच येत नाही, तिथे तशी सोयच नसते. म्हणजे कागद दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा होता. गाडी नंबरच्या जागी तर काहीच नव्हतं. तुमच्या हातात असा कागद आला तर हिरवा रंग बघून घडी घालू नका. पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, किती आहे ते वाचा. गाडी उचलली की कॅस्टर कमी होतो, आणि तो जागेवर आणला नाही तर स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भरकटतं. माझं भरकटतच होतं. त्यावर उत्तर मिळालं, "साहेब, मोठे टायर आहेत, हाताला सवय होईल."

मग पावसात एका उतारावर ब्रेक दाबला. हौदा रिकामा होता, वेगही फार नव्हता. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी लॉक झाली आणि गाडीचं बूड सरळ कडेच्या चरीकडे निघालं. ब्रेक सोडला म्हणून सावरलं. फोन केला तर म्हणाला, "नवीन पॅड आहेत, जरा बसू द्या." माझ्या गाडीत पॅड फक्त पुढच्या डिस्क ब्रेकना आहेत आणि लॉक झाली होती मागची चाकं. पॅड बसले नसतील तर पुढचा ब्रेक कमी लागेल, पण रिकाम्या गाडीची मागची चाकं अशी झटकन लॉक होणार नाहीत.

गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. हा ट्रकची कामं करणारा, फारसं न बोलणारा. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी मारली आणि मला खाली बोलावलं. मागच्या एक्सलच्या वर, चॅसीला लागून एक व्हॉल्व्ह होता आणि त्याची दांडी बाइंडिंगच्या तारेने वर खेचून बांधलेली होती. तारेची टोकं पकडीने नीट पिळून आत वळवलेली. घाईत केलेलं काम नव्हतं ते.

हा व्हॉल्व्ह बऱ्याच पिकअपमध्ये असतो आणि मालकांपैकी फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्याचं काम वजन ओळखण्याचं. हौद्यात माल भरला की गाडी खाली बसते, चॅसी आणि एक्सल जवळ येतात, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दांडी खाली राहते आणि मागचा दाब कमी होतो, कारण वजन नसलेली चाकं लगेच लॉक होतात. आता गाडी उंच केली की चॅसी आणि एक्सलमधलं अंतर कायमचं वाढतं. व्हॉल्व्हला वाटतं की गाडी सदा रिकामीच आहे. मग माल भरला तरी मागचा ब्रेक पुरेसा लागत नाही आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. यावर उपाय अवघड नाही. दांडीचं एक्सलकडचं टोक जेवढी उंची वाढली त्या हिशोबाने वर घेणारा ब्रॅकेट लावायचा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे दाब तपासायचा. माझ्या बिलात 'ब्रेक बॅलन्स सेटिंग' म्हणून वेगळी ओळ होती. त्या ओळीचं काम म्हणजे ही तार. त्यामुळे रिकामी गाडीही व्हॉल्व्हला कायम भरलेली वाटत होती.

तिथून पुढे एकेक पितळ उघडं पडत गेलं.

स्टीलच्या जाळीच्या ब्रेक नळ्यांचे पैसे दिले होते. जाळी होती, पण नळी माझीच जुनी रबरी. ओढली की फुगणारी जाळी बाजारात मिळते. ती टोकाच्या नटावरून सरकवून दोन्हीकडे काळी टेप गुंडाळली होती. मेकॅनिकने टेप कापून जाळी मागे सारली तर आत वाकाच्या जागी रबराला बारीक चिरा पडलेल्या. उघडी नळी असती तर त्या वरूनच दिसल्या असत्या, आता जाळीने झाकल्या होत्या. खऱ्या नळीचं टोक कारखान्यात दाबून बसवलेलं असतं, नळीवर बनवणाऱ्याची छापील खूण असते आणि जाळी टोकापासून अलग सरकत नाही. शिवाय चाकं लटकती ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवलं तेव्हा ही जुनी, आखूड नळी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणली गेली. उंच केलेल्या गाडीत चाक आधीपेक्षा जास्त खाली जातं. खड्ड्यात चाक लटकलं आणि नळी टोकाशी सुटली तर पेडल एकदम खोल जाणार.

नळ्या बदलल्याच नव्हत्या याचा आणखी एक पुरावा चाकापाशीच होता. नळी बदलली की आत शिरलेली हवा चाकाजवळच्या ब्लीडर निपलमधून काढावीच लागते. माझ्या चारही ब्लीडर निपलच्या रबरी टोप्यांवर जुना वाळलेला चिखल तसाच होता, एकावरही पाना लागल्याची खूण नव्हती. बिलात मात्र डॉट ५.१ ब्रेक ऑइल. त्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २६० अंश सेल्सिअस असतो आणि डॉट ४ चा २३०. ओलावा शोषला की हे आकडे किमान १८० आणि १५५ पर्यंत उतरतात, म्हणून लांब उतारावर जुनं ऑइल उकळतं आणि पेडल स्पंज होतं. निपल सैल केल्यावर बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं जुनं ऑइल. वरच्या डब्यातलं काढून फक्त तेवढंच नवीन भरलं होतं, कारण गिऱ्हाईक बघतं ते बॉनेट उघडून दिसणारा डबाच.

पॅडचं खोकं मला काउंटरवर दाखवलं होतं, चांगल्या कंपनीचं, सीलबंद. बसवले ते दुसरेच. पॅडच्या कडेवर छापलेल्या मजकुराच्या शेवटी दोन अक्षरं असतात, थंड आणि गरम असतानाचं घर्षण सांगणारी. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. गाडीचे मूळ पॅड एफएफ होते, 'अपग्रेड' म्हणून बसवलेले निघाले ईई. म्हणजे टायर मोठे आणि पॅड आधीपेक्षा मवाळ.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. 'कंप्लीट लिफ्ट किट' म्हणजे पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाच्या) डोक्यावर धातूची चकती आणि मागे जुन्याच पाट्यांत घुसवलेला एक जास्तीचा पाटा. चकतीने उंची वाढते, हे खरं आहे. स्ट्रट खालच्या आर्मच्या मधोमध असल्यामुळे २५ मिलिमीटरच्या चकतीने चाकाजवळ जवळपास दुप्पट फरक पडतो. पण चाकाजवळचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट, त्यांच्या कोनाच्या टोकाला जातात, आणि या कामाला किट म्हणत नाहीत. पाट्यांचा संच नवा नाही हे ओळखायला पाट्यांच्या टोकांकडे बघा. वरच्या पाट्यावर घासून खाचा पडलेल्या होत्या, त्यांतही काळा स्प्रे गेलेला. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुनेच परत आवळलेले. ते एकदा ताणले गेलेले असतात, सोडले की नवे घालायचे आणि काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुन्हा तपासायचा, हा साधा नियम आहे.

शॉकअपचं मात्र मनाला लागलं. बिलात 'हेवी ड्युटी गॅस, मोनोट्यूब', म्हणजे एकाच नळीचे, गॅस भरलेले शॉकअप. गाडीला चकाकते पिवळे शॉकअप दिसत होते. मेकॅनिकने एक काढून जमिनीवर उभा केला आणि हाताने दाबला. गॅसचा असता तर दांडी आपोआप वर आली असती. हा दाबलेला तसाच राहिला. रबरी बुशांवर पिवळ्या रंगाचे शिंतोडे होते. मग बुंध्याजवळ एक पोचा दिसला आणि मला तो ओळखू आला, कारण टायर बदलताना काढलेल्या जुन्या फोटोत तोच पोचा त्याच जागी होता. माझेच शॉकअप पिवळे रंगवून मला विकले होते.

गॅरेजवाल्याला तार, जाळी, पॅड सगळं समोर ठेवून विचारलं. तो अजिबात गडबडला नाही. "साहेब, ब्रेक कडक हवेत असं तुम्हीच म्हणालात, म्हणून व्हॉल्व्ह बांधला. ऑफ-रोड गाडीला असंच करतात." ऑफ-रोड हा शब्द त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. आवाज आला, गाडी भरकटली, टायर एका बाजूने झिजला, की ऑफ-रोड गाडी आहे म्हणायचं.

दुसऱ्या मेकॅनिककडे काम पुन्हा करून घेताना बिलावर 'किट' आणि 'सेट' हे शब्द येऊ दिले नाहीत. प्रत्येक वस्तूचा पार्ट नंबर लिहून घेतला. जुन्या भागांवर आधीच ऑइल पेंटची खूण केली आणि ते सगळे हौद्यात परत घेतले. चाकं चढवण्याआधी गाडी लिफ्टवर असतानाच नळ्या, निपल आणि व्हॉल्व्हची दांडी बघितली. याला अर्धा तास लागतो, आणि प्रामाणिक माणूस त्यावर रागावत नाही. हा तर उलट बॅटरी धरून उभा राहिला.

पहिल्या गॅरेजवाल्याने पॅड आणि नळ्यांचे पैसे बरेच खेटे घातल्यावर परत केले. अलाइनमेंटचा कागद मशीनने चुकून दिला म्हणतो. शॉकअपच्या बाबतीत तो अजून हटून बसलाय की ते नवेच होते. मग माझे जुने कुठे आहेत, असं विचारलं तर म्हणतो, भंगारवाला घेऊन गेला.